केचिकन (अलास्का): आईबाबांसोबत जंगलातली झिपलाईन करावी का?

मृण्मयी_रेडमंड:

नमस्कार मंडळी. जुलैच्या अखेरीस आईबाबा नाशिकहून आमच्याकडे येतायत. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरवली आहे. केचिकनला जहाज सकाळी सातला लागतं आणि दुपारी दीडला सुटतं. तिथे जंगलात झाडांच्या शेंड्यांतून नेणारी झिपलाईन आहे, सोबत गाईड असतात, तीन-साडेतीन तासांचा कार्यक्रम. लेकीने (वय ११) तिचा व्हिडिओ पाहिल्यापासून घर डोक्यावर घेतलंय.

आई ६३ वर्षांची. रोज पहाटे गोदाकाठी चालते, माझ्यापेक्षा जास्त दम आहे. पण वजन ऐंशी किलोच्या आसपास, आणि फॉर्मवर वजन लिहायचं म्हटल्यावर "मी नाही येत जा" म्हणून मोकळी झाली. बाबा ६८, गेल्या वर्षी एक गुडघा बदललाय. नवऱ्याला उंचीची भीती वाटते, त्यामुळे तो लगेच "बाबांसोबत मी थांबतो" म्हणाला. केवढा हा त्याग.

कोणी केलंय का हे? पाऊस असला तर काय करतात? अस्वलांचं काय? आणि माणशी दोनशे डॉलरच्या घरात खर्च आहे, तो वसूल होतो का? अलास्कातल्याच हूनालाही एक प्रचंड मोठी झिपलाईन आहे म्हणे. तिथेच करावी का?

पेठेतला_पाहुणा:

नाही वसूल होत. तिघींचे सहाशे डॉलर घालवून तारेला लटकायचं आणि अर्ध्या मिनिटात पलीकडे. कोलाडला याच्या दहाव्या हिश्शात होतं, वर मिसळ मिळते. त्यापेक्षा जहाजावर झोपा काढा, जेवण फुकट आहे.

दोरवाली:

मृण्मयी, मी केचिकनलाच राहते. मूळची चिंचवडची. कॉलेजची वर्षं लोणावळ्याजवळच्या नागफणीवर व्हॅली क्रॉसिंगचे दोर लावण्यात गेली, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीने या बेटावर आणून टाकलं. आता मे ते सप्टेंबर झिपलाईनवर गाईड आहे. कुठल्या कंपनीत ते लिहीत नाही, नाहीतर पेठेतले पाहुणे म्हणतील जाहिरात करते.

आधी वजनाचं. आईंना सांग, ऐंशी किलो म्हणजे आमच्यासाठी अगदी सोयीचं गिऱ्हाईक. तार ताठ बांधलेली नसते. साडी वाळत घातल्यावर दोरीला येतो तसा झोळ तिला मुद्दाम ठेवलेला असतो. सुरुवातीला उतार, म्हणून वेग येतो. शेवटी तार पुन्हा थोडी वर चढते, म्हणून तो आपोआप कमी होतो. वजनदार माणूस जोरात पोचतो, हलका माणूस झोळातच थांबतो. मग त्याने उलटं वळून हाताने तार ओढत यायचं, नाहीतर आमच्यापैकी कोणीतरी जाऊन त्याला आणायचं. म्हणून मर्यादा वरचीही असते आणि खालचीही. वरची बहुतेक ठिकाणी ११५ किलोच्या आसपास. तुझी खरी अडचण आई नसून लेक आहे. खालची मर्यादा कुठे ७० पौंड, कुठे ९०. ती त्यात बसते का ते आधी विचार, आणि हलक्या मुलांना गाईडला जोडून नेतात का तेही. काट्यावर सगळ्यांना उभं करतात, त्यामुळे फॉर्मवर पाच किलो कमी लिहून काही साधत नाही. आकडा मी तरी कधी मोठ्याने वाचत नाही.

आता तिथे होतं काय. दोन गाईड असतात, एक पुढे जाऊन पलीकडे उभा राहतो, दुसरा मागून एकेकाला सोडतो. तुमच्या हार्नेसला (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्याला) दोन पट्टे असतात आणि झाडावर पाय ठेवल्यापासून त्यातला किमान एक कायम कशाला तरी अडकवलेला हवा. काढ-घाल आम्ही करतो, आलेल्या पाहुण्यांनी कॅराबिनरला (पट्ट्याच्या टोकाच्या कडीला) हात लावायचा नाही. नागफणीवर आमचे सर "दिसला हात की पडला फटका" म्हणायचे. इथे फटका देता येत नाही, बाकी नियम तोच.

बुकिंग करताना एक प्रश्न नक्की विचार: ब्रेक कोण लावतं? काही ठिकाणी चामड्याचा जाड हातमोजा देतात आणि पुलीच्या (तारेवरून धावणाऱ्या चाकाच्या) मागे तारेवर हात दाबून तुम्हीच वेग कमी करायचा असतो. मागे, पुढे कधीच नाही, पुढे ठेवला तर बोटं पुलीखाली येतील. तार ओली असेल तर हात घसरतो आणि जास्त दाबावं लागतं. काही ठिकाणी शेवटाला स्प्रिंगचा किंवा गाईडच्या हातातला ब्रेक असतो, तुम्ही फक्त बसायचं. आईंसाठी दुसरा प्रकार बघ. पहिल्यात घाबरून माणसं फार लवकर दाबतात आणि मधेच लटकतात.

पाऊस. केचिकनला वर्षाला ३,८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. महाबळेश्वरला याहून कितीतरी जास्त, पण ते चार महिन्यांत उरकतं. इथे बाराही महिने थोडं थोडं चालूच. जुलै त्यातल्या त्यात कोरडा. पावसासाठी आम्ही काही रद्द करत नाही. वारा जोराचा असला किंवा विजा चमकल्या तर करतो, आणि विजा इकडे दुर्मिळच. जुलैतही दुपारचं तापमान सतरा-अठराच्या आसपास असतं, तेव्हा जीन्स नको, ओली झाली की तासाभरात थंडी भरते. पटकन वाळणारी पँट, आत गरम बनियन, वर रेनकोट. बूट मागून बंद हवेत. आमच्याकडे रेनकोट देतात, पण सगळीकडे देत असतील असं धरून चालू नये.

पेठेतल्या पाहुण्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. प्रत्यक्ष घसरण्याची वेळ मोजली तर सगळ्या तारा मिळून काही मिनिटंच भरतात. बाकीचा वेळ तुम्ही झाडावर उभे असता. ज्याला फक्त वेग हवा त्याने खरंच हूनाला जावं. तिथली आइसी स्ट्रेट पॉइंटची झिपलाईन ५,३३० फूट लांब आहे, म्हणजे सव्वासोळाशे मीटर, आणि १,३०० फूट खाली उतरते. खुर्चीवजा पट्ट्यात बसायचं, दीडेक मिनिटात समुद्राकाठी. ब्रेक वगैरे बघावा लागत नाही. ती चांगलीच आहे, तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण तिथे जंगल पायाखालून निघून जातं, इथे तुम्ही त्यात थांबता.

आणि जंगल कसलं! हे टाँगस राष्ट्रीय अरण्य, १९०७ साली राखलेलं, अमेरिकेतलं सगळ्यात मोठं. क्षेत्रफळ जवळपास ६८,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. सिट्का स्प्रूस, हेमलॉक आणि रेड सीडार ही मुख्य झाडं. जुन्या स्प्रूसची उंची साठ मीटरपर्यंत जाते. आपल्या उभं राहायच्या फळ्या त्याच्या निम्म्यावरही नसतात, तरी खाली बघितलं की नेच्यांचा नुसता हिरवा गालिचा. फांद्यांवर हातभर जाड शेवाळ. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी आहे, दिवसभर पाण्यात मासे मारतो आणि अंडं घालायला जुन्या झाडावर येतो. घरटं बांधत नाही, उंच फांदीवरच्या शेवाळातच एक अंडं. पक्षी माहीत असूनही त्याचं झाडावरचं पहिलं घरटं माणसांना १९७४ मध्ये सापडलं, तेही कॅलिफोर्नियात, एका झाडावर चढलेल्या कामगाराला. हे सांगितलं की शाळकरी मुलं हमखास वर बघायला लागतात. मोठे फोन शोधतात.

खाली ओढा असेल तर जुलैअखेर पिंक सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध चढायला लागतात, ऑगस्टमध्ये पाण्यात दगड दिसत नाहीत इतके. म्हणून काळी अस्वलं येतात. गावाच्या दक्षिणेला तेरा-एक किलोमीटरवर हेरिंग कोव्ह आहे, तिथे ती हटकून असतात. त्यांना आपल्याशी काही देणंघेणं नसतं. मासा धरायचा, काठावर झाडीत न्यायचा, मेंदू आणि अंडी खायची, उरलेला टाकायचा. तो कुजतो आणि झाडांना खत होतो. ही बढाई नाही. समुद्रातून आलेल्या नायट्रोजनमध्ये नायट्रोजन-१५ चं (नायट्रोजनच्या जड प्रकाराचं) प्रमाण जास्त असतं, आणि सॅमनच्या ओढ्यांकाठच्या झाडांत ते शास्त्रज्ञांनी मोजलंय. आईंना विचारायला सांग गाईडला, चांगला गाईड असेल तर पुढची तार विसरून बोलत बसेल.

झाडांना इजा होते का, हेही विचारतात लोक. फळी बसवायचे दोन प्रकार आहेत. एकात आरपार बोल्ट. दुसऱ्यात खोडाभोवती लाकडी ठोकळे लावून ते तारेने आवळतात, आणि झाड जाड होईल तसं ते सैल करत जातात. दरवर्षी वृक्षतज्ज्ञ येऊन झाडं तपासतो. हे आम्ही फार मिरवतो. खरं सांगायचं तर या जंगलाला झिपलाईनने काही होत नाही. ते लाकूडतोडीने झालं. इथल्या वॉर्ड कोव्हचा लगद्याचा कारखाना १९९७ मध्ये बंद पडला, तोपर्यंत अख्खे डोंगर बोडके झाले होते. विमानातून अजून ते चौकोन दिसतात.

बाबांना नको. हार्नेसचा त्रास नाही, पण फळीवर पोचताना पाय टेकावे लागतात, जिने असतात, झुलते पूल असतात, काही ठिकाणी शेवटी दोरावरून खालीही उतरायचं असतं. त्यांनी गावात क्रीक स्ट्रीटवर फिरावं. लाकडी खांबांवर उभी जुनी वस्ती आहे आणि खालून ओढा वाहतो. तिथून चालत टोटेम हेरिटेज सेंटरला जाता येतं. इथल्या मूळच्या क्लिंगिट आणि हैदा लोकांच्या सोडून दिलेल्या गावांतून आणलेले एकोणिसाव्या शतकातले मूळ टोटेम, म्हणजे कोरीव लाकडी खांब आहेत, रंग उडालेले. बाकी गावातले बरेचसे खांब नंतर कोरलेले.

पेठेतला_पाहुणा:

अस्वलाचं आधी का नाही सांगितलं? कोलाडला अस्वल नाही हे मान्य.

आरती_टोरांटो:

झिपलाईनबद्दल माहिती नाही, पण एक महत्त्वाचं. सिएटलची क्रूझ म्हणजे वाटेत बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबणार. परदेशी नोंदणीच्या जहाजांना परदेशी बंदराला लागल्याशिवाय अशी फेरी करता येत नाही, १८८६ चा कायदा आहे. आईबाबा भारतीय पासपोर्टवर आणि अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांना कॅनडाचा व्हिसा लागेल, खाली उतरले नाहीत तरी. नसेल तर जहाजावर चढूच देत नाहीत. आजच अर्ज करा. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेही बघून घ्या.

मृण्मयी_रेडमंड:

आरती, किती आभार मानू! व्हिसाचं डोक्यातच नव्हतं. आज रात्रीच नवऱ्याला कामाला लावते.

दोरवालीताई, तुमचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं. "सोयीचं गिऱ्हाईक" ऐकून आधी फुगली, मग हसली, आता येते म्हणतेय. तिचे दोन प्रश्न आहेत: मंगळसूत्र काढावं लागेल का, आणि बीपीची गोळी चालू आहे ते चालेल का. माझा एक: जहाजाकडून बुक करू की परस्पर? परस्पर केलं तर थोडं स्वस्त पडतंय.

दोरवाली:

तुमचं जहाज गावात लागतंय की वॉर्ड कोव्हला, ते आधी बघ. वॉर्ड कोव्ह गावाच्या उत्तरेला अकरा-बारा किलोमीटरवर आहे, २०२१ पासून मोठी जहाजं तिथेही लागतात, आणि गावात यायला बस धरावी लागते. कारखान्याचीच जागा ती. तिकडे असाल तर दीडच्या जहाजासाठी परस्पर बुकिंग करूच नको. जहाजाच्या बुकिंगमध्ये बस उशिरा आली तर जहाज थांबतं, परस्पर केलंस तर थांबत नाही, आणि सुटायच्या अर्धा तास आधी आत असावं लागतं. गावात लागणार असाल आणि सकाळी आठची वेळ मिळत असेल तर परस्पर कर, तेवढे पैसे वाचतील. घड्याळही बघ, आम्ही सिएटलच्या एक तास मागे आहोत. तुमचे फोन आपोआप बदलतात, पण जहाज कुठली वेळ पाळतंय ते त्याच दिवशी केबिनमधल्या कागदावर बघायचं.

मंगळसूत्र लांब असेल तर काढावं, आखूड असेल तर शर्टाच्या आत घालून वरचं बटण लावावं. बांगड्या काढाव्या, हातमोज्यात जात नाहीत. ओढणी जहाजावरच ठेवायची, याला अपवाद नाही. पुलीत काहीही लोंबतं चालत नाही, मोकळे केससुद्धा.

बीपीचं त्यांच्या नाशिकच्या डॉक्टरांना विचारा. फॉर्मवर खरं लिहा, तो आम्ही वाचतो. आणि त्यांचा व्हिजिटर विमा नीट वाच. बऱ्याच पॉलिसींमध्ये झिपलाईन वगळलेली असते.

खारी_अँकरेजची:

उशिरा लिहितोय. केचिकनच करा. आम्ही अँकरेजहून टॉकीटनाला जाऊन केली, तीही गाईडसोबतचीच. तिकडचं जंगल वेगळं. पांढरा स्प्रूस, बर्च, पॉपलर. झाडं बारीक आणि ठेंगणी, थंडीने वाढच होत नाही. सूर्य झाडांतून आरपार येतो. त्याच्या बदल्यात हवा स्वच्छ असेल तर फळीवरून ६,१९० मीटरचा डेनाली पर्वत दिसतो. आमच्या दिवशी ढग होते. बायको अजून बोलून दाखवते.

आणि डासांचं औषध घ्या.

दोरवाली:

केचिकनला डास कमी, चिलटं जास्त, पण औषध घ्याच. मृण्मयी, नवऱ्याला सांग, उंचीच्या भीतीवर मी तीन गोष्टी सांगू शकते, पण तो बाबांसोबत खूश असेल तर त्याला राहू दे. गावात ओढ्याच्या पुलावर उभं राहिलं तरी सॅमन दिसतात, आणि ते बघायला काही पैसे पडत नाहीत. बाबांना शिडीवजा पायऱ्यांचा रस्ता टाळायला सांग, टोटेम सेंटरला खालच्या रस्त्याने जा.