मदत हवी आहे: लाइन सारखी जाते, गोठवलेले उंदीर वितळवायचे कसे?

मु. आर्णी तालुक्यातलं एक खेडं, जि. यवतमाळ. माझ्याकडे एक बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आहे, ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर रीतसर नोंद केलेला. (देशी साप पाळणं गुन्हा आहे हे ठाऊक आहे, तो वाद इथे नको.) खाद्य शहरातून गोठवलेलंच आणतो, थर्माकोलच्या पेटीत.

सगळे सांगतात, उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा. पण मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास आणि लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. त्यात आईचा दम: "दह्याच्या गंजाजवळ उंदीर दिसला, तर तू अन् तुझा साप दोघंही गोठ्यात!" तिचं चुकीचं नाही म्हणा.

फ्रिज टाळून थेट पाण्यात वितळवला तर चालतो का? लाइन गेल्यावर पाकीट मऊ पडलं, तर परत गोठवायचं का? आणि वरून ऊबदार वाटतो, पण पोटात बर्फ राहिला हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १
भाऊ, पाण्यात चालतो. उंदीर घट्ट बंद पिशवीत घाला आणि वेगळ्या भांड्यात, माठाच्या थंड पाण्यात बुडवा. नळाचं नको, दुपारी टाकीचं पाणी अंघोळीलाही सोसत नाही. दर अर्ध्या तासाने पाणी बदला. पोट आणि मान बोटाने दाबून पाहा. आत खडा लागला तर अजून थांबा. पूर्ण मऊ झाल्यावरच दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात, साधारण ४० अंश. डोकं जरा जास्त ऊबदार ठेवा, बॉल पायथन ओठांवरच्या खाचांनी उष्णता हेरतो. मग पुसून लांब चिमट्याने द्या. उकळतं पाणी किंवा मायक्रोवेव्ह अजिबात नको, बाहेर शिजतो, आत कच्चा राहतो, कधी फुटतोही.

मऊ पडलेला परत गोठवू नका. गोठवल्याने साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) मरत नाही, फक्त थांबतो. खाल्ला नाही तर खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात. ते भांडं-चिमटा स्वयंपाकघरात नेऊ नका, हात साबणाने धुवा. आईसाठी झाकणाचा डबा घ्या, फ्रीजरमध्ये वेगळा.

प्रतिसाद २
आणि शेतातला उंदीर पकडून देऊ नका. झिंक फॉस्फाइड (उंदीर मारायचं विष) खाल्लेला असला तर सापालाही विषबाधा होऊ शकते.

धागाकर्ता
माठाचं सुचलंच नव्हतं. पण एक राहिलं: लाइन गेल्यावर फ्रीजर न उघडता माल किती वेळ टिकतो?

प्रतिसाद १
गच्च भरलेला आणि बंद असेल तर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला असेल तर २४. तुमच्या उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा.