जैतापूरचा अणुवीज प्रकल्प झाला तर आपला किनारा निशाण्यावर येणार का? आणि पाकिस्तानशी अणुठिकाणांचा करार आहे म्हणतात तो नक्की काय?

खाडीकाठ_राजापूर
नमस्कार मंडळी. नाट्याजवळच्या गावात राहतो, घरची होडी आहे. २०२५ च्या मे महिन्यात चार दिवस ड्रोन आणि मिसाइलं उडत होती तेव्हापासून जेटीवर एकच विषय, उद्या माडबनला (जैतापूर प्रकल्पाची जागा) सहा रिअॅक्टर उभे राहिले, ९९०० मेगावॅटचे, तर पुढच्या वेळी आपलाच नंबर का? एक जण म्हणतो एकमेकांच्या अणुभट्ट्यांवर हल्ला करायचा नाही असा करार आहे. दुसरा म्हणतो अतिरेक्यांना कसला करार, ते १९९३ ला आणि २००८ ला समुद्रातूनच आले ना. तिसऱ्याला भीती की इथलं युरेनियम चोरून कोणी बॉम्ब बनवेल. ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा प्लीज. प्रकल्प हवा की नको हे भांडण इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत.

तारापूर_निवृत्त
करार आहे, आणि पक्का आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादला सही झाली, जानेवारी १९९१ पासून लागू. तेव्हा पाकिस्तानला भीती होती की भारत त्यांच्या कहूटाच्या अणुकेंद्रावर विमानं पाठवेल, कारण इस्रायलने १९८१ मध्ये इराकची अणुभट्टी तशीच उडवली होती. करारात फक्त वीज बनवणाऱ्या भट्ट्या नाहीत, इंधन बनवण्याचे, समृद्ध करण्याचे, वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करण्याचे कारखानेही येतात. दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या ठिकाणांची यादी अक्षांश-रेखांशासकट एकमेकांना देतात. जैतापूर झालं की तेही त्या यादीत जाणार. तारापूर १९६९ पासून चालू आहे म्हणजे कोकणपट्टीला हे नवीन नाही हेही तुमच्या जेटीवर सांगा.

आता चोरीचं. भट्टीच्या इंधनात युरेनियम-२३५ पाच टक्क्यांच्या आत असतं, बॉम्बला साधारण नव्वद टक्के लागतं, आणि ते पाचाचं नव्वद करायला हजारो सेंट्रीफ्यूज (प्रचंड वेगाने फिरणारी यंत्रं) लागतात, ते काही कोणाच्या गोठ्यात होत नाही. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असतं हे खरं, पण ते इतकं किरणोत्सारी असतं की जाड शिशाच्या पेटीशिवाय जवळ जाणारा माणूस वाचणार नाही, आणि वेगळं काढायला अख्खा कारखाना हवा. शिवाय परदेशी भट्टी म्हणजे ती आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली येणार, २००८ ला एनएसजीने (अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांचा गट) आपल्याला सूट दिली ती याच अटीवर. तारापूर १ आणि २ तर फार पूर्वीपासून त्यांच्या नजरेखाली आहेत, कॅमेरे, सील, हिशोब सगळं.

बॉम्बचं ज्ञान बाहेर गेलं ते चोरांच्या हातून नाही, आतल्या माणसाच्या हातून गेलं. पाकिस्तानचा अणुशास्त्रज्ञ ए. क्यू. खान हॉलंडमध्ये नोकरीला होता तिथून सेंट्रीफ्यूजचे आराखडे घेऊन गेला, पुढे इराण, लिबिया, उत्तर कोरियाला माल पुरवला. २००३ मध्ये बीबीसी चायना नावाचं जहाज अडवलं त्यात लिबियाला चाललेले सुटे भाग सापडले, साध्या मालाच्या कंटेनरमध्ये. म्हणून मला भट्टीच्या कुंपणापेक्षा बंदरातल्या कागदपत्रांची काळजी जास्त वाटते.

दिघीची_लाट
काका बरोबर बोललात, आतल्या माणसाचंच आमच्याकडे झालं. मी श्रीवर्धन तालुक्यातला. १९९३ च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीला हत्यारं आणि आरडीएक्स उतरलं, ट्रकने मुंबईला गेलं आणि १२ मार्चला २५७ माणसं मेली. ते काय कोणाला दिसलं नाही म्हणून झालं नाही. कस्टम आणि पोलिसातली माणसं पुढे कोर्टात दोषी ठरली, पैसे घेऊन माल सोडला म्हणून. आमच्या गावांवर तो डाग इतकी वर्षं आहे आणि अजून नातेवाईक विचारतात तेव्हा वाईट वाटतं.

२००८ ला कुबेर नावाचा ट्रॉलर पळवून आले, खलाशांना मारलं, तांडेलालाही (नौकेचा प्रमुख) शेवटी मारलं. त्यानंतर बायोमेट्रिक कार्ड आली, सागरी पोलीस ठाणी, रडार, सागर कवचच्या ड्रिल. तरी २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला ती बोट आली वाहत, आत एके ४७. घातपात नव्हता, ओमानजवळ सोडून दिलेली परदेशी यॉट होती, पण एवढी बोट किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाला पत्ता नाही हे कसं? पावसाळ्यातली मच्छीमारी बंदी उठून दोन-तीन आठवडेच झालेले, वारा पण होता, बऱ्याच होड्या बाहेर गेल्याच नव्हत्या. समुद्रात आपली माणसं असली की अनोळखी बोट लगेच ओळखू येते, कोणाची कुठली नौका ते इंजिनच्या आवाजावरून सांगणारे म्हातारे आहेत आमच्याकडे. म्हणून प्रकल्पासमोर मच्छीमारी बंद करून मच्छीमारालाच हाकलणार असतील तर ते सुरक्षेच्याच विरुद्ध आहे असं माझं ठाम मत. अंतर ठेवा, पण पुढे होड्या राहू द्या आणि तांडेलांना वायरलेस द्या.

रत्नागिरी_वाचनवेडी
यादीबद्दल एक भर घालते. २००१ च्या डिसेंबरमध्ये संसदेवर हल्ला झाला, दोन्हीकडचं सैन्य सीमेवर होतं तरी १ जानेवारी २००२ ला याद्या दिल्या गेल्या. २६/११ नंतर सव्वा महिन्यातच १ जानेवारी आली, तेव्हाही दिल्या. १९९२ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. दोन देशांमध्ये बाकी सगळं बंद पडतं, हे टिकलंय, मला तरी हे फार मोठं वाटतं.

पण कच्चे दुवे पण बघा दादा. यादीत लिहिलं तेवढंच, खरंखोटं तपासायला कोणी जात नाही. आणि करार दोन सरकारांमधला आहे, अतिरेकी गटाला तो लागू नाही. शिवाय जगात उलटा वारा सुटलाय, अमेरिका-रशियाचा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ ला संपला, युक्रेनमध्ये झापोरिझिया अणुकेंद्र रशियन सैन्याने २०२२ मध्ये चालू असताना ताब्यात घेतलं, आणि जून २०२५ मध्ये इराणच्या अणुठिकाणांवर बॉम्ब पडले. अणुकेंद्राला हात लावायचा नाही ही समजूतच सैल होत चाललीय, त्याची भीती मला समुद्रातून येणाऱ्या होडीपेक्षा जास्त वाटते.

आणि अतिरेक्यांसाठी सोपं काय, तर हॉस्पिटलातला आणि कारखान्यातला किरणोत्सारी सोर्स. २०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगारात कोबाल्ट-६० निघालं, एक माणूस गेला, ते तर नुसत्या निष्काळजीपणाने. वेल्डिंग तपासायला गामा कॅमेरे वापरतात त्यातही असे सोर्स असतात, आपल्याकडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी लक्ष ठेवावं. भंगारात तीन पात्यांचं चिन्ह असलेली जड डबी दिसली तर उघडू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.

खाडीकाठ_राजापूर
खूप आभार सगळ्यांचे, हे सगळं मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगला वाचून दाखवणार. दिघीवाल्या भावाचा वायरलेसचा मुद्दा लेखी देतोय. काका, तारापूरसमोर मच्छीमारीला नक्की किती अंतर बंद आहे आणि ते ठरवताना तिथल्या मच्छीमारांना विचारलं होतं का? त्याचा कागद कुठे मिळेल तेवढं सांगा.

तारापूर_निवृत्त
माझं काम आत होतं, त्यामुळे तोंडी आकडा देत नाही. मत्स्यव्यवसाय खात्याच्या पालघरच्या ऑफिसात माहिती अधिकारात अर्ज टाका, नकाशासकट मागा. इथल्या सोसायटीतल्या एकाशी बोलून ठेवतो, तुमची माणसं आली की भेटवून देतो.