शहराची हवा रोज किती धूळ-धूर पचवते, हिशेब कसा मांडायचा?

प्रश्न: शहर २० बाय २० किमी. पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) ची २४ तासांची मर्यादा ६०, बाहेरून येणारी पातळी २५ (मायक्रोग्रॅम/घनमीटर). मिश्रण-उंची (जमिनीपासून जितक्या उंचीच्या थरात धूर मिसळतो ती) ८०० मी., वारा २.५ मी./से. रोज किती टन चालेल?

वातकुक्कुट: उंची गुणिले वारा म्हणजे वायुवीजन गुणांक: २०००. शिल्लक जागा ३५. ३५ × २००० ÷ शहराची लांबी २०,००० मी. = ३.५ मायक्रोग्रॅम प्रति चौ.मी. प्रति सेकंद. ४०० चौ.किमी.ला दिवसाला सुमारे १२१ टन. वारा मात्र पूर्ण थराचा सरासरी घ्या, १० मीटर उंचीवरचा नको.

धुरकं: १२१ वर विसंबू नका, तो दुपारचा आकडा! हिवाळी रात्री थर १५० मी., वारा १ धरला तर गुणांक १५०, म्हणजे दिवसाला जेमतेम ९ टनांचा वेग. शेकोट्या, कचरा जाळणं नेमकं तेव्हाच. तासागणिक गणित करा. वारा ०.५ मी./से.च्या खाली गेला की सूत्रच कोलमडतं. शिवाय वायूंपासून हवेतच बनणारे कण यात धरलेले नाहीत.

वातकुक्कुट: बरोबर. मुंबईसारख्या किनाऱ्यावर आणखी एक घोळ: रात्री समुद्रावर गेलेली घाण खारे वारे दिवसा परत आणतात, त्यामुळे २५ ही पातळी स्थिर राहत नाही.