अल्पसंख्य भाषिक समाजाच्या कामातून नेतृत्व कसे घडवावे?

प्रश्न : नवी समन्वयक

नमस्कार. जेथे बहुसंख्यांची भाषा वेगळी आहे अशा प्रदेशात आमचा लहान भाषिक समाज राहतो. समाजाची एक संस्था मुलांसाठी भाषेचे वर्ग चालवते, ग्रंथालय सांभाळते आणि वृद्धांना सरकारी अर्ज भरून देते. मी तेथे अर्धवेळ पगारी समन्वयक आहे, उरलेल्या वेळात स्वयंसेवक म्हणूनही राबते, आणि आता कार्यकारिणीने मला सचिवपद स्वीकाराल का असे विचारले आहे.

अडचण अशी की सगळे निर्णय कित्येक वर्षे त्याच ज्येष्ठ मंडळींकडे आहेत. तरुण येतात, खुर्च्या लावतात, सतरंज्या उचलतात आणि काही काळाने दिसेनासे होतात. शिवाय हिशेबाचा किंवा कायद्याचा विषय निघाला की सभा नकळत बहुसंख्यांच्या भाषेत सुरू होते. आमची भाषा स्वागताच्या भाषणापुरती उरते. तरुणांसाठी दोन दिवसांचे नेतृत्व शिबिर घ्यावे, अशी सूचना आली आहे. त्याने खरोखर काही साधेल का? इतर भाषिक समाजांत पुढची फळी कशी तयार झाली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : जुना कार्यकर्ता

शिबिर घ्यायला हरकत नाही, पण त्यापासून सुरुवात करू नये. ज्याला शिबिरानंतर पुन्हा खुर्च्याच लावायच्या आहेत, त्याला तेथे शिकवलेले वापरायची संधीच मिळत नाही. तरुण माणूस टिकतो तो त्याच्या हाती एखादा निर्णय पूर्णपणे सोपवल्यावर, आणि तो निर्णय चुकला तरी तो परत काढून घेतला जाणार नाही अशी खात्री असल्यावर.

न्यूझीलंडमधील मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजाचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाटा येथे १९८२ साली पहिली ‘कोहांगा रेओ’, म्हणजे माओरी भाषेतून चालणारी बालवाडी, सुरू झाली आणि १९८५ पर्यंत अशा बालवाड्यांची संख्या तीनशेच्या वर गेली. त्या वेगाने प्रशिक्षित व्यवस्थापक कोठून मिळणार होते? प्रत्येक बालवाडी मुलांच्या कुटुंबांनी मिळून चालवायची, हेच त्या चळवळीचे सूत्र होते. भाषा अस्खलित येणारे आजी-आजोबा मुलांशी बोलत, आणि ज्या पालकांच्या पिढीची भाषा बरीचशी सुटली होती तीही कारभारात बरोबरीने बसे. भाषा पूर्ण येईपर्यंत थांबा, मग जबाबदारी देऊ, असे त्यांना कोणी सांगितले नाही. माझ्या मते यातले सर्वांत महत्त्वाचे ते हेच, कारण अल्पसंख्य समाजात अनेक होतकरू तरुण केवळ ‘आपली भाषा कच्ची आहे’ या संकोचाने मागच्या रांगेत बसतात.

आपल्याकडे ग्रंथालय आहे. ते दोघा-तिघा तरुणांकडे द्या, पण त्याच्या वार्षिक तरतुदीसकट. कोणती पुस्तके घ्यायची, ग्रंथालय केव्हा उघडे ठेवायचे आणि पैसे कमी पडले तर कोणाकडे मागायचे, हे त्यांनी ठरवावे, आणि वर्षअखेरीस सर्वसाधारण सभेपुढे हिशेब त्यांनीच मांडावा.

प्रतिसाद : भाषाभ्यासक

सभेच्या भाषेचा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो, परंतु नेतृत्वाशी त्याचा थेट संबंध आहे. ज्या भाषेत पैशाचे आणि कायद्याचे बोलणे कधी होतच नाही, त्या भाषेत अंदाजपत्रक मांडणारा माणूस तयार होणार कसा?

वेल्समध्ये यावर सरळ उपाय रुळलेला आहे. सभेत वेल्श बोलणाऱ्यांनी वेल्शमध्येच बोलावे आणि ज्यांना ती येत नाही त्यांना अनुवादक त्याच वेळी कानातल्या यंत्रातून इंग्रजी ऐकवतो, अशी व्यवस्था तेथील अनेक सभांमध्ये असते. त्यामुळे एका पाहुण्यासाठी संपूर्ण सभेला भाषा बदलावी लागत नाही. ग्विनेथ परगण्याची परिषद तर आपला अंतर्गत कारभारच वेल्शमधून चालवते. तेथे नोकरी करणारा लेखापाल किंवा अभियंता रोज त्या भाषेत टिपणे लिहितो, हरकती घेतो, वरिष्ठांना पटवून देतो, आणि सायंकाळी एखाद्या संस्थेच्या सभेत गेल्यावर त्याला शब्द शोधत बसावे लागत नाही. नोकरी आणि स्वयंसेवा एकमेकींना बळ देतात ते असे.

आपली संस्था लहान असल्याने यंत्रे नसतील, पण शेजारी बसून हळू आवाजात सारांश सांगणारा एक स्वयंसेवक पुरेसा आहे. विषयपत्रिका आणि इतिवृत्त मात्र आपल्याच भाषेत लिहावे, आणि हिशेबाचे जे शब्द अडतील त्यांची यादी कोषाध्यक्षांनीच करत जावी.

प्रतिसाद : शाळा समिती सदस्य

कॅनडातील फ्रेंच भाषकांचा अनुभव येथे नोंदवतो. क्यूबेक या फ्रेंचबहुल प्रांताबाहेर ते अल्पसंख्य आहेत. कॅनडाच्या राज्यघटनेचा भाग असलेल्या १९८२ च्या हक्कांच्या अधिकारपत्रातील कलम २३ मुळे पुरेशी संख्या असेल तेथे त्यांना आपल्या भाषेतील शालेय शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि अल्बर्टातील पालकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली असे ठरवले की, संख्येनुसार, या हक्कात शाळांच्या व्यवस्थापनातील वाटाही येतो. मुलांना शाळा मिळावी म्हणून एकत्र आलेल्या पालकांवर त्यानंतर ती शाळा चालवण्याची जबाबदारी आली. तक्रार मांडणे आणि कारभार करणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते प्रत्यक्ष कारभारानेच कापले जाते.

दुसरे उदाहरण ओटावातील माँफोर या फ्रेंच भाषकांच्या रुग्णालयाचे. १९९७ साली ओंटारियो प्रांताच्या आरोग्यसेवा पुनर्रचना आयोगाने ते बंद करण्याचा इरादा जाहीर केला, तेव्हा त्या वर्षीच्या २२ मार्चला सुमारे दहा हजार लोक सभेला जमले. लढ्याचे नेतृत्व जिझेल लालोंद यांनी केले. त्या शिक्षिका होत्या, शाळा मंडळावर निवडून गेल्या होत्या आणि व्हानिए या शहराच्या महापौरही राहिल्या होत्या. म्हणजे संकट आले तेव्हा सभा, ठराव आणि शासनाशी वाटाघाटी हे सर्व त्यांच्या सवयीचे झाले होते. न्यायालयात समाजाची बाजू मांडताना एक मुद्दा फार वजनदार ठरला : डॉक्टर आणि परिचारिका फ्रेंच भाषेतून प्रशिक्षण घेतात ती ही जागा आहे, ती गेली तर पुढची पिढी कोठे घडणार? २००१ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने समाजाच्या बाजूने निकाल दिला आणि रुग्णालय वाचले.

म्हणून आपण वृद्धांचे जे अर्ज भरून देता ते काम किरकोळ समजू नका. कोणत्या कचेरीत काय अडते, कोणत्या नियमामुळे आपल्या माणसाला दोनदा खेटे घालावे लागतात, हे तेथे बसणाऱ्या तरुणाला इतर कोणापेक्षाही नीट कळते. त्याच्याकडून वर्षभराच्या नोंदी करून घ्या, आणि त्या घेऊन अधिकाऱ्यांकडे जाताना पदाधिकाऱ्यांनी एकटे न जाता त्यालाच बोलू द्यावे.

पुन्हा : नवी समन्वयक

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरतात. मी पगार घेत असताना सचिवपद घेणे योग्य ठरेल का? आणि ज्यांनी संस्था उभी केली त्या ज्येष्ठांना बाजूला सारल्यासारखे वाटू न देता हे बदल कसे करावेत?

प्रतिसाद : जुना कार्यकर्ता

पहिल्या शंकेवर माझे मत स्पष्ट आहे : दोन्ही एकदम करू नये. कार्यकारिणी ही आपल्या कामावर देखरेख करणारी आहे. त्याच कार्यकारिणीच्या सचिव म्हणून आपण स्वतःच्या वेतनाच्या ठरावाचे इतिवृत्त लिहिणार असाल, तर आपला हेतू कितीही शुद्ध असला तरी लोकांच्या मनात शंका येईल, आणि लहान समाजात अशी शंका वर्षानुवर्षे निघत नाही. शिवाय पगाराचे तास आणि स्वयंसेवेचे तास वेगळे लिहून ठेवा. थकून बाहेर पडलेल्या चांगल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांना आपले काम कोठे संपते हे कधीच ठरवता आले नव्हते.

ज्येष्ठांबाबत एवढेच सुचवतो की पदाची मुदत संस्थेच्या घटनेत लिहून घ्यावी, म्हणजे पायउतार होणे हा कोणाचा अपमान राहत नाही. मुदतीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक पदाधिकाऱ्याबरोबर एक सहपदाधिकारी नेमावा आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात सभा त्याने चालवावी, ज्येष्ठांनी शेजारी बसावे. हा प्रस्ताव आपण मांडण्याऐवजी सध्याच्या अध्यक्षांनाच मांडू द्या. त्यांच्याशी आधी घरी जाऊन निवांत बोला. संस्थेच्या जुन्या व्यवहारांची जी माहिती कागदावर कोठेच नाही, ती लिहून घेण्याचे कामही त्याच भेटीत सुरू करता येईल.