मोहफुलांच्या लाडवांसाठी हंगामाआधी खेळतं भांडवल कसं उभं करावं?

नमस्कार मंडळी,

मी गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे. गावातल्या अकरा जणींचा बचत गट दोन वर्षांपासून मोहफुलांचे लाडू करतोय. हिशेबाची वही माझ्याकडे असते.

मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत सगळ्या जणी टोपल्या घेऊन झाडाखाली. वेचलेली फुलं अंगणात वाळवायची, चोळून आतले केसर काढायचे, मग मंद आचेवर भाजायची. नीट भाजली की मनुकांसारखा वास घरभर सुटतो. तीळ-शेंगदाणे घालून कुटलेला लाडू एकदा खाल्लेला माणूस पुन्हा मागतोच.

अडचण मालाची नाही, वेळेची आहे. फुलं वाळली की व्यापारी दारात उभा. पुढे बियाणं, खत, पोरांच्या वह्या. हातात पैसा नसतो, म्हणून मिळेल त्या भावाने पोती जातात. दिवाळीला लाडवांची मागणी आली की त्याच बायका तीच फुलं चढ्या भावाने विकत आणतात. गेल्या वर्षी वहीत दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहिताना मला रडू आलं. हंगामात गटाकडे लाख-दीड लाख असते, तर गटानेच आपल्या बायकांची फुलं रास्त भावाने घेऊन ठेवली असती.

प्रशिक्षणं खूप झाली. एफएसएसएआयची (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) 100 रुपयांची नोंदणीही केली आहे. बँकेत गेलो की यंत्रासाठी कर्ज घ्या म्हणतात. आम्हाला आत्ता यंत्र नको, फुलं घ्यायला रोकड हवी.

केंद्राच्या पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या योजनेत गटातल्या प्रत्येक सभासदामागे 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळतं आणि ते खेळतं भांडवल म्हणून वापरता येतं. एका गटाला मर्यादा 4 लाखांची, म्हणजे आम्ही अकरा जणी असलो तरी जास्तीत जास्त 4 लाख. इथल्या कुणाच्या गटाला ते प्रत्यक्ष मिळालंय का? अर्जापासून पैसे हातात येईपर्यंत किती महिने गेले? ग्रामसंघाचा (गावातल्या बचत गटांचा संघ) ठराव, हिशेब, आणखी काय काय लागलं? कागद कुठे अडला, तेही सांगा.

दुसरं, पावसाळ्यात लाडवांना आठ-दहा दिवसांत बुरशी येते. साधी प्लास्टिकची पिशवी वापरतो. भाजणं कमी पडतंय की पॅकिंग चुकतंय? अन्नतंत्रज्ञान शिकलेल्यांनी कृपया सांगावं.

आणि पुण्या-मुंबईत दुकान असलेलं कुणी दिवाळीच्या मालाची निम्मी रक्कम मार्चमध्येच द्यायला तयार असेल, तर इथेच लिहा. नमुन्याचे लाडू लगेच पाठवते. फुलं पडायला दोनच महिने उरलेत.