मदत हवी आहे: हृदयात सतत रक्त असताना त्यालाच रक्त कमी कसं पडतं?

नमस्कार. गेल्या आठवड्यात बाबांची अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या डावीकडच्या पुढच्या रोहिणीत ब्लॉकेज आहे. उपचार डॉक्टर ठरवताहेत, त्यावर सल्ला नकोय. मी अडले आहे ती बाबांच्या एका प्रश्नापाशी.

बाबांनी जन्मभर शेती केली. हृदयाचं चित्र बघून म्हणाले, "अगं, चारही कप्पे रक्ताने भरलेत. विहीर तुडुंब आणि काठावरचं झाड वाळतंय, असं कुठं असतं का?" मी शाळेत शिकलेलं सांगितलं: उजवी कर्णिका, उजवी जवनिका, तिथून फुप्फुसं, मग डावी कर्णिका, डावी जवनिका आणि महारोहिणीवाटे अंगभर. ते पटलं. झाडाचं उत्तर काही देता आलं नाही. रात्री ते छातीवर हात ठेवून जागे असतात. आत काय चाललंय हे कळलं तर त्यांची भीती कमी होईल असं मला मनापासून वाटतं. कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?

प्रतिसाद

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. आधी एक: रात्री पडल्या पडल्या छातीत दुखत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा.

आता झाड. रक्तातला प्राणवायू मिलिमीटरच्या अंशाएवढाच आत झिरपतो, आणि डाव्या जवनिकेची भिंत साधारण १ सेंटिमीटर जाड. आतलं पातळ अस्तर तेवढं भिजतं, बाकी स्नायू कोरडाच. बेडकाचं यावर भागतं, कारण त्याच्या जवनिकेची भिंत स्पंजासारखी असते आणि रक्त थेट फटींत शिरतं. आपल्याला पाट काढावे लागतात. महारोहिणीच्या झडपेच्या लगेच वर डावी आणि उजवी अशा दोन रोहिण्या फुटतात, त्या हृदयाच्या बाहेरून पसरून स्नायूत उतरतात. बाबांना ठिबक सांगा. मेन लाईनला पाणी असतं, पण एक नळी तुंबली की तेवढी ओळ सुकते. फक्त इथे चरबीचा थर नळीच्या भिंतीतच वाढतो आणि वाट अरुंद करतो.

शिवाय हृदय आकसतं तेव्हा स्नायूतल्या वाहिन्या चिमटल्या जातात. डाव्या भिंतीला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडल्यावर. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद, त्यात सैल पडण्याचा वेळ ०.५ सेकंदाच्या आसपास. ठोके वाढले की हाच वेळ जास्त कापला जातो आणि मागणी मात्र वाढते. म्हणून जिना चढताना छाती भरून येते.

धागाकर्ती

खूप आभार! डॉक्टरांना आत्ताच फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. ठिबक ऐकून बाबा उठून बसले. विचारतात, नळी तुंबली तर आम्ही शेजारच्या ओळीतून जोड देतो, हृदयात तशी जोड आपोआप होते का?

प्रतिसाद

होते. वाट हळूहळू अरुंद होत गेली तर शेजारच्या रोहिण्यांमधले बारीक दुवे रुंदावतात. गुठळीने अचानक बंद झाली तर त्यांना तेवढा अवधी मिळत नाही. बायपासमध्ये सर्जन हीच जोड हाताने देतात, पायातली नीला किंवा छातीच्या आतली रोहिणी वापरून.