२०२३-२४ चा डाउनहिलचा ग्लोब: आईला हिशेब समजावून सांगायला मदत हवी आहे

लोकहो, नमस्कार.

अल्पाइन स्कीइंग नेमाने बघणारं इथे कुणी असेल तर एक गुंता सोडवायला मदत करा. पुरुषांच्या वर्ल्ड कपचा २०२३-२४ चा मोसम, त्यातही फक्त डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून सर्वात वेगाने खाली येण्याची शर्यत. ग्लोब म्हणजे मोसमभरात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचा करंडक.

मी बर्नजवळ राहतो. त्या हिवाळ्यात आई सांगलीहून तीन महिने आली होती. बाहेर बर्फ आणि तिचे गुडघे धरलेले, त्यामुळे शर्यत असली की शाल पांघरून माझ्याशेजारी टीव्हीपुढे बसायची. आधी नुसतं "अगं बाई, पडेल तो" चालायचं. मग २८ डिसेंबरला इटलीतल्या बोर्मिओला सिप्रियां साराझां जिंकला आणि आईने त्या फ्रेंच पोराला आपलंच मानलं. घरी दुधाचा हिशेब ठेवते तशी एक वही केली: तारीख, गाव, पहिला कोण, साराझां कितवा. सगळं पेन्सिलने.

ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलचे दोन दिवस तर मी विसरूच शकत नाही. शर्यतीच्या सुरुवातीच्या दारातून बाहेर पडल्या पडल्या ती सरळ खाली कोसळणारी उतरण, बर्फ जवळजवळ काचेसारखा, गुडघ्याखाली थरथरणाऱ्या स्की. १९ जानेवारीला साराझां ०.०५ सेकंदाने जिंकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच, आणि या वेळी फरक ०.९१! शतांशावर निकाल लागणाऱ्या खेळात हे अंतर प्रचंड आहे. आईने माझ्याकडून आकडा दोनदा वदवून घेतला आणि मगच लिहिला.

आता अडचण. मोसमातली शेवटची डाउनहिल २४ मार्चला ऑस्ट्रियातल्या झालबाखला, फायनलमध्ये होती. तोवर स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमाट साराझांपेक्षा ४२ गुणांनी पुढे होता. हवामानामुळे शर्यत रद्द झाली आणि डाउनहिलचा क्रिस्टल ग्लोब ओडरमाटला मिळाला. आई तेव्हा परत गेली होती. फोनवर म्हणाली, "शर्यतच झाली नाही तर बक्षीस कसलं? आणि तीन जिंकलेला मागे, दोन जिंकलेला पुढे, हे कुठलं गणित?" मी "नियमच आहे आई" म्हणालो. तिला ते पटलं नाही. मला ओडरमाट आवडतो आणि मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो, म्हणून मी त्याची बाजू घेतो असं तिला वाटतं. वर त्याच्याकडे ओव्हरऑल (सगळे प्रकार मिळून), जायंट स्लालम आणि सुपर-जी (स्कीइंगचेच दुसरे दोन प्रकार) असे तीन ग्लोब होतेच की, हेही तिने ऐकवलं.

या हिवाळ्यात आई पुन्हा आली आहे, वही घेऊन. शेवटच्या पानावर "२४ मार्च, झालबाख" एवढंच लिहिलंय, पुढे कोरं. साराझांला डिसेंबर २०२४ मध्ये बोर्मिओलाच सरावात पडून डोक्याला गंभीर इजा झाली, हे तिला ठाऊक आहे. त्यामुळे तो ग्लोब हुकल्याचं तिला आता जास्तच लागतं. मला तिची नुसती समजूत घालायची नाही, खरा हिशेब दाखवायचा आहे. फायनलची रद्द झालेली शर्यत पुन्हा का घेत नाहीत? आणि तीन विजयांनंतरही माणूस मागे कसा राहतो?

प्रतिसाद

नियमाचं आधी सांगतो. मोसमात शर्यत रद्द झाली तर जमल्यास ती दुसऱ्या गावी घेतात. फायनलनंतर मोसमच संपतो, तिथली रद्द झाली की गेली. त्या वर्षी झेरमाट-चेर्व्हिनिया आणि बीव्हर क्रीक इथल्या डाउनहिलही हवामानामुळे बुडाल्या होत्या. डाउनहिल झाल्या एकूण आठ.

आता काकूंच्या वहीतल्याच ओळी घ्या. पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ५०. साराझां जिंकला त्या तिन्ही दिवशी ओडरमाट कितवा होता? बोर्मिओला दुसरा, किट्झब्यूलला तिसरा आणि दुसरा. म्हणजे तीन विजयांत साराझांने त्याच्यावर कमावले २०, ४०, २०. एकूण फक्त ८०. उलट ओडरमाटने स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या दोन्ही डाउनहिल जिंकल्या. ग्लोब झालबाखला नाही, या बाकीच्या पाच शर्यतींत हातचा गेला.

पण काकूंचं दुःख खोटं नाही. झालबाखला साराझां जिंकला असता आणि ओडरमाट चौथा किंवा त्याखाली आला असता, तर ग्लोब फिरला असता. साराझां दुसरा आणि ओडरमाट सातवा, तरी फिरला असता. इतकं जवळ होतं ते.

धागाकर्ता

मनापासून आभार. आत्ताच आईला घेऊन बसलो होतो. तिन्ही ओळींपुढे तिने २०, ४०, २० लिहिलं, बेरीज केली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हा जिंकायचा तेव्हाही तो मागे हटतच नव्हता." ओडरमाटबद्दल तिच्या तोंडून पहिल्यांदा चांगलं ऐकलं. झालबाखपुढे मात्र अजून काही लिहिलेलं नाही.

तिला आता आठही ओळी पूर्ण हव्या आहेत. वाल गार्देनाच्या दोन शर्यती वही सुरू होण्याआधीच्या, वेंगेनची गुरुवारची मी ऑफिसात असल्यामुळे राहिली, आणि क्वितफ्येलच्या दिवशी ती तापाने झोपून होती. या चारमधले दोघांचेही क्रमांक कुणी टिपून ठेवले असतील तर इथे द्या. रविवारी पुन्हा वही घेऊन बसायचं ठरलंय.